सिंधू, तुझ्या वाफ्यांचं काय झालं ते ऐक

सिंधू, तुझ्या पिंडाला कावळा लगेच शिवला. भटजींनी हात मागं घेतला न घेतला तोच दोन कावळे खाली उतरले. बायका एकमेकींकडं बघून माना डोलवायला लागल्या. "गुणाची बाई. काही इच्छा मागं ठेवली नाही." मला हसू आलं. ते दाबताना घशातून जो आवाज निघाला तो सगळ्यांना हुंदका वाटला आणि तुझ्या मावसबहिणीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. इच्छा राहिली नव्हती म्हणे! अर्धे वाफे लावून झाले होते, अर्धे तसेच पडून होते, गाजराचं बी अजून पुडीत होतं, आणि तुझी इच्छा राहिली नव्हती. कावळे भुकेले होते, एवढंच.

तू गेल्यापासून लोक तुझ्याबद्दल फार गोड बोलायला लागलेत. प्रेमळ होती, हसतमुख होती, कुणाला कधी दुखावलं नाही. ऐकताना मला वाटतं, ही कोण बाई गेली? माझी सिंधू तर तोंडानं फाटकी होती. उस्मानपुऱ्यातल्या कुलकर्णी मॅडमनी एकदा पालकाच्या पानांना भोकं आहेत म्हणून फोन केला. तू म्हणालीस, "मॅडम, अळीनं खाल्लं अन् अळी जगली. म्हंजे तुम्हीबी जगाल. बिनभोकाचं पाहिजे तर प्लास्टिकचं घ्या." आणि फोन ठेवून दिलास. मग मी त्यांच्या घरी जाऊन चहा प्याले आणि तुझ्या वतीनं माफी मागितली. तुला कळलं तेव्हा तू दिवसभर माझ्याशी बोलली नाहीस. माफी मागितली म्हणून की चहा प्याले म्हणून, ते विचारायचं राहूनच गेलं.

दहाव्याच्या जेवणाला त्याच मावसबहिणीनं मला विचारलं, "तुम्ही दोघी नेमकं करायच्या काय गं? भाजीच विकायच्या ना?" मी तिला समजावत बसले. शहरातली काही घरं हंगाम सुरू व्हायच्या आधीच आमच्याशी बांधून घेतात. मग शेत जे देईल त्यातला वाटा पिशवीत भरून दर रविवारी त्यांच्या दारात जातो. भरघोस आलं तर पिशवी फुगलेली, गारा पडल्या तर पिशवी चपटी, आणि चपट्या पिशवीबद्दल कुणी कुरकुर करायची नाही. त्यांना गिऱ्हाईक म्हणायचं नाही, वाटेकरी म्हणायचं, असा सिंधूचा नियम. मावसबहिणीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, भात कालवला आणि म्हणाली, "म्हंजे विकायच्याच की." तू असतीस तर तिच्यासमोरचं ताट ओढून घेतलं असतंस.

आपली ओळखच भांडणातून झाली. उन्हाळ्यात तुझ्या वडिलांच्या रिकाम्या रानात आमच्या मेंढ्या बसायच्या. मेंढ्यांनी मुक्काम केला की लेंड्यांनी जमीन खताळते, म्हणून तुमच्यासारखी मोठी घरं आम्हा धनगरांना बोलावून घ्यायची. एकदा आमचं एक कोकरू तुमच्या वांग्यात शिरलं आणि तू त्याला ढेकूळ मारलंस. मी तुला ढेकूळ मारलं. तुझ्या कपाळावरचा तो बारका व्रण माझा. दवाखान्यात तुझा चेहरा सुजला तेव्हा तो व्रण ताणून दिसेनासा झाला, आणि मी बराच वेळ नुसती त्या जागेकडं बघत राहिले.

पुढं तुझं लग्न झालं, मोडलं, तू एक पिशवी घेऊन माहेरी परत आलीस. का आलीस ते कुणालाच सांगितलं नाहीस, मलाही नाही. मी तेव्हा वाळूजला एका कारखान्यात खोकी चिकटवायची. एक दिवस सुटी झाली आणि बघते तर तू गेटवर उभी.

"काय करायलीस इथं?"

"पोट भरायली."

"खोकी चिकटवून? चल, माती उकरू. शेवटी तिथंच जायचंय, आतापासून सवय लागू दे."

वडिलांनी रस्त्याकडंचा तुकडा तुला दिला होता. ओट्यावर बसून, तुझ्या दादासमोर म्हणाले होते, "हे सिंधूचं." कागद केला नाही. जुना माणूस, त्यांना वाटलं शब्द पुरेल. त्या तुकड्यात आपण पहिली मेथी टाकली आणि पहिल्या वाटेकऱ्यांसमोर तू मला पुढं ढकललंस. "ही कांता. रान अर्धं हिचं हाय." मी दचकले. घरी येताना म्हणाले, असं कसं बोललीस? तू म्हणालीस, "मग काय, पाऊण सांगू?"

माझा नवरा गेला तेव्हाची गोष्ट मी तुला कधी बोलून दाखवली नाही. राख सावडून आम्ही घरी आलो होतो आणि तू दारात उभी राहिलीस. गळ्यात पडणं नाही, पाठीवरून हात नाही. म्हणालीस, "ऊठ. मिरच्या लाल व्हायल्यात. तोडायच्या हायत." माझ्या सासूनं तुला शिव्या घातल्या. मीही मनातल्या मनात घातल्या, पण उठले. मिरचीच्या हातानं डोळे पुसले, आग आग झाली, आणि त्या आगीच्या निमित्तानं जे रडायचं होतं ते सगळं रडून घेतलं. तू शेजारच्या ओळीत तोडत होतीस. एकदाही मान वर केली नाहीस. त्या दिवशी तू मला वाचवलंस. हे तुला सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, "मी मिरच्या वाचवल्या. तू मधी आलीस."

आता तू गेलीस आणि मला ऊठ म्हणणारं कुणी नाही. मी तशी उठते, स्वैपाक करते, झाडून काढते. पण ते उठणं वेगळं.

आपली भांडणं पुष्कळ झाली, पण खरं भांडण एकच. वडील गेले, रस्ता रुंद झाला, आजूबाजूच्या रानांत पांढरे दगड रोवले गेले, प्लॉट पडले. दादाची नजर त्या तुकड्यावर गेली. मी म्हणायची, "दावा लाव. लेकीचा हक्क हाय. कायदा हाय." तू म्हणायचीस, "आई जित्ती हाय तवर मी कोर्टात जायची नाय. तिला दोन लेकरांच्या मधी उभी करायची नाय."

"अन् आई गेल्यावर?"

"मग बघू."

सिंधू, आई आहे. तू गेलीस. याचं उत्तर मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. तुझा हा मोठेपणा कुणाच्या उपयोगी पडला? तुझ्या आईला तू कोर्टाच्या पायऱ्यांपासून वाचवलंस आणि पोरीच्या मयताच्या उशाशी बसवलंस. मी त्यांना बघत होते. कोर्टात त्या याच्याहून बऱ्या दिसल्या असत्या.

आणि यंदाचा हंगाम चांगला येणार होता, याचंच वाईट वाटतं. दसरा झाला, ऊन पडलं, जमीन वापशावर आली, मुठीत धरली की गोळा व्हायचा आणि सोडली की भुगा. वाफे ओढून झाले. टोमॅटो, कोबी, फ्लॉवरची रोपं सावलीच्या जाळीखाली तरारली. मेथी-पालक टाकला तोही एकसारखा उगवला. दर हंगामाच्या तोंडाशी आपण वाटेकऱ्यांना रानात बोलवायचो, तसे त्या रविवारीही बोलावले. कुलकर्णी मॅडम उन्हाची टोपी घालून आल्या. यंदा गाजरं लावा म्हणून तुझ्या मागं लागलेल्या, छावणी भागातल्या परवीन आपा तहारी-भाताचं मोठं पातेलं घेऊन आल्या. मुलांनी कोबीची रोपं लावली, त्यातली निम्मी वाकडी, काही तर शेंड्यापर्यंत गाडलेली, आणि तू त्यांच्या डोळ्यांदेखत ती उपटून परत लावलीस. एक पोरगं रडायला लागलं. त्याच्या आईनं तुझ्याकडं बघितलं तर तू म्हणालीस, "रडू द्या. रोपाचं डोकं मातीत गाडलं तर त्याला रडताबी येत नाय."

त्याच वेळी दादा आला. इस्त्रीचे पांढरे कपडे, हातात गाडीची किल्ली. सगळ्यांना रामराम घातला, तहारीची तारीफ केली आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दिवाळी झाली की इथं मोजणी हाय. आमची सिंधू तुम्हाला सांगायची नाय, म्हणून मी सांगायलो. तुम्ही भाजीचं दुसरीकडं बघा."

तू मातीचे हात कमरेला पुसलेस.

"कर की मोजणी. फक्त चपला काढून ये दादा. वाफ्यात बी टाकलंय."

परवीन आपा हसल्या, त्यांच्या मागून सगळे हसले. मीही हसले, पण दादाचा चेहरा बघितला आणि थांबले. तो रागावला असता तर परवडलं असतं. शहरातल्या परक्या लोकांसमोर तो लाजला होता. घरच्या माणसानं लाज काढली की माणूस काय करेल सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मोटार चालू होईना. स्टार्टरमधले फ्यूज काढून नेलेले. विहीर काठोकाठ, वर ऑक्टोबरचं ऊन आणि कालच लावलेली रोपं माना टाकत चाललेली. मी म्हणाले, "मी जाते, मागून आणते."

"पाय मोडीन तुझा."

"अगं पण रोपं मरतील."

"मरू देत नाय मी."

घरच्या हौदातून आपण घागरी वाहिल्या. तू झारीनं एकेका रोपाला पाणी घालत होतीस, आजाऱ्याला चमच्यानं पाजावं तसं. एवढ्यानं भागणार नव्हतं. ओल टिकावी म्हणून रोपांच्या बुडाशी उसाचं वाळलेलं पाचट अंथरायचं ठरलं. पाचटाचा ढीग पावसाळाभर बांधाला पडून होता. त्यात काठी घातल्याशिवाय हात घालायचा नाही, हे तूच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचीस. त्या सकाळी ऊन चढायच्या आत उरकायचं होतं. तू हात घातलास.

कुकरची शिट्टी अर्धवट दाबावी तसा आवाज आला. घोणस. मी तिला ढिगाच्या मागं जाताना बघितली, जाडजूड, कसलीही घाई नाही.

तू ओरडली नाहीस. मनगटाकडं बघितलंस, मग माझ्याकडं. "कांते, झालं." आणि लगेच, "जाळी खाली घे. रोपं सुकतील."

ओरडले मी. माझा आवाज ऐकून दादा घरातून अनवाणी पळत आला. गाडी अंगणातच होती. त्यानं ती बांधापर्यंत आणली, मागचं दार उघडून धरलं. "बस, सिंधू. बस लवकर."

"मी त्याच्या गाडीत बसायची नाय."

"अगं पाया पडतो तुझ्या."

"आधी फ्यूज आण."

आणि सिंधू, तो खरंच फ्यूज आणायला पळाला. एवढा मोठा माणूस, पांढरा पायजमा वर धरून, घराकडं, काट्यांतून. तेवढ्यात तू माझ्या स्कूटीवर बसलीस आणि म्हणालीस, "चल." मी ओढणीनं तुला माझ्या कमरेशी बांधलं. रस्त्याला लागलो तेव्हा आरशात त्याची गाडी दिसली. तो मागून हॉर्न देत होता, हात बाहेर काढून काहीतरी दाखवत होता. फ्यूज असतील. तू माझ्या पाठीवर डोकं टेकलं होतंस. "मागं बघू नको," म्हणालीस.

गाडीनं गेलो असतो तर लवकर पोचलो असतो का? चौकातल्या गर्दीत गाडी अडकली असती आणि स्कूटी निघाली, असंही असेल. डॉक्टरांना मी विचारलं नाही आणि विचारणार नाही. ते हो म्हणाले तर जन्मभर तुझा राग करत बसावं लागेल. नाही म्हणाले तर राग करायलाही काही उरायचं नाही.

तुझ्या भावानं तुला मारलं असं मी कुणाला म्हणाले नाही. साप काही त्याला विचारून आला नव्हता. पण पाणी असतं तर पाचट लागलं नसतं, हे मी रोज म्हणते. भांडी घासताना, मोठ्यानं.

दवाखान्यात तुला लगेच आत घेतलं, लगेच इंजेक्शनं सुरू केली. तरी विष उतरेना. हात खांद्यापर्यंत काळानिळा झाला, हिरड्यांतून रक्त यायला लागलं, मग लघवी बंद झाली आणि डायलिसिसचं मशीन लावलं. तू तिथंही कुणाला सुखानं राहू दिलं नाहीस. सिस्टरला म्हणालीस, सुई नीट टोचता येत नाही तर भरीत करायचं वांगं टोचून सराव करा. परवीन आपा भेटायला आल्या, तुझा हात बघून भिंतीकडं वळल्या, मग परत फिरून म्हणाल्या, "सिंधू बी, गाजर नहीं दिए तो भी चलता. तू बस उठ."

"गाजर तो देतीच मैं आपा. बी लाके रखी."

त्या बाहेर येऊन माझ्या गळ्यात पडल्या. कुलकर्णी मॅडमही आल्या होत्या. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "कांता, वाईट वाटून घेऊ नकोस, पण मग या हंगामाचं काय?" मला इतका संताप आला की मी उत्तर न देता आत निघून गेले. आत तू डोळे मिटून पडली होतीस. माझी चाहूल लागली तशी ओठ हलवलेस. "मेथीला पाणी मारलं का?" तुम्ही दोघी एकच गोष्ट विचारत होतात. मी त्यांच्याशी फटकून वागले आणि तुझा हात हातात घेतला.

मी तुला हो म्हणाले. मारलं पाणी. आणि ते खरं होतं. त्या दिवशी सकाळी मी रानात जाऊन आले तर मोटार चालू होती. दादानं फ्यूज बसवले होते. वाफे तुडुंब भरले होते, गरजेपेक्षा जास्त. पाणी बांधावरून बाहेर वाहत होतं आणि तो विहिरीच्या कडेला बसून होता. हे मात्र मी तुला सांगितलं नाही. तू मोटार बंद करायला लावली असतीस.

मग एका दुपारी, मशीन चालू असतानाच, तू गेलीस.

दहाव्याचं उरकलं आणि दादा माझ्याजवळ आला. आवाज एकदम मऊ. "कांताताई, तुमच्या कष्टाची रोपं हायत. काय न्यायचं ते दोन दिवसांत घेऊन जा. सोमवारी मी रोटा मारणार." रोटा म्हणजे ट्रॅक्टरला मागं लावतात तो, फिरत्या पात्यांचा. उभं रान एका फेरीत मातीमोल. मी म्हणाले, "एवढा हंगाम होऊ द्या. तिची आठवण म्हणून तरी." त्यानं मान हलवली. डोळे भरून आले त्याचे. "नाय हो. मला ते रान बघवत नाय आता."

खरं असेल. पण न बघवणाऱ्या रानाची मोजणी त्यानं पुढं ढकलली नाही.

मी वाटेकऱ्यांना मोबाइलवर कळवलं, रोपं घेऊन जा म्हणून. बहुतेकांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. एकानं विचारलं, असं दुसरं शेत कुणाच्या माहितीत आहे का. कुलकर्णी मॅडम मात्र बादली घेऊन आल्या, जाळीखालची उरलेली टोमॅटोची रोपं उचलली, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "भोकं पडलेली पानं खाईन गं मी." मला त्यांच्याकडं बघवेना. परवीन आपा आल्या, वाफ्यांभोवती एक चक्कर मारली आणि काही न घेता रिक्षात बसल्या. वाफ्यांत लावलेलं तसंच राहिलं. ते उपटून कुठं नेणार?

माझा भाऊ नामा त्याच आठवड्यात कळप घेऊन सोयगावच्या अंगाला निघणार होता. मी त्याला थांबवलं. रविवारी सकाळी, ज्या वेळेला आपण पिशव्या भरायचो त्या वेळेला, मी कुंपणाचं फाटक उघडलं. नामा काठी आडवी धरून तिथंच उभा राहिला.

"कांते, उभं रान हाय हे. उभ्या रानात मेंढरं घालतेत का कुठं? बापानं येवढी येकच गोष्ट शिकवली आपल्याला."

"उद्या रोटा फिरणाराय यावर."

"फिरू दे. ते त्याच्या हातानं व्हऊ दे. तू कशाला हात लावतीस?"

मी त्याच्या हातातली काठी घेतली आणि मेंढ्या आत वळवल्या.

आधी मेथी गेली. कोवळी होती, उपटायला आठवडाही राहिला नव्हता. मग पालक गेला. कोबीचे शेंडे गेले, नुसत्या दांड्या उभ्या राहिल्या. मुलांनी लावलेली, तू उपटून परत लावलेली रोपं धरली होती, सिंधू, नवं पान फुटलं होतं त्यांना. तीही गेली. टोमॅटोला मेंढ्यांनी तोंड लावलं नाही, ते नुसते तुडवले. मेंढी चरते तेव्हा घाई करत नाही. बघणाऱ्याला वाटतं अजून पुष्कळ शिल्लक आहे, आणि मागं वळून बघावं तर उघडी माती. नामा सगळा वेळ माझ्याकडं पाठ करून बांधावर उभा होता.

लोकांना मी सांगितलं की पात्याखाली चेंदा होण्यापेक्षा मुक्या जिवाच्या पोटात गेलेलं बरं. सगळ्यांना ते पटलं. कुणी कुणी म्हणालं, सिंधूताईंना हेच आवडलं असतं. तुला मात्र खरं सांगते. मला राग आला होता, आणि तो दादाचा नव्हता. तू दावा लावला नाहीस, गाडीत बसली नाहीस, ढिगात काठी घातली नाहीस, आणि हे सगळं हिरवं माझ्या अंगावर टाकून गेलीस. तुझं काहीतरी मोडावं असं वाटत होतं, आणि मोडण्यासारखं तेवढंच उरलं होतं. मेंढ्या चरत होत्या तेवढा वेळ मला बरं वाटत होतं. हे असं बोलू नये म्हणतात गेलेल्या माणसाशी. पण तू होतीस तेव्हा मी तुझ्याशी गोड बोलले नाही, आता कशाला सुरू करू?

सोमवारी रोटा फिरला. मी बघायला गेले नाही.

आणि काल दुपारी काकू आल्या. तुझी आई, एकटी, उन्हातून, काठी टेकत. ज्या घराच्या मेंढ्या तुमच्या रानात पिढ्यान् पिढ्या बसल्या त्या घराच्या उंबऱ्याच्या आत त्यांनी आजवर पाऊल टाकलं नव्हतं. मला वाटलं, मेंढ्यांचं विचारायला आल्या. त्यांनी तो विषयच काढला नाही. भिंतीला टेकून खाली बसल्या, दम खाल्ला.

"कांते, शेवटाला तू व्हतीस तिच्याजवळ."

"व्हय."

"दादा म्हणतो, तिला काय कळतच नव्हतं. कुणाला वळखत नव्हती. दोन दिस आधीच समदं संपलं व्हतं म्हणतो. तू सांग. काय बोलली का ती?"

मी तयारच होते. त्या कधीतरी विचारणार हे मला माहीत होतं. "बोलली ना. तुमचं नाव घेतलं, काकू. म्हणली, माझ्या आईला जपा."

काकू माझ्याकडं बघत राहिल्या. त्यांचे डोळे तुझ्यासारखेच आहेत, हे मला आधी कधी दिसलं नव्हतं.

"खोटं बोलायलीस."

"नाय काकू."

"मी पोटातून काढलीय तिला. असलं गुळमाट ती मरतानाबी बोलायची नाय. खरं सांग."

मग मी सांगितलं. शेवटच्या दिवशी मशीनवर घ्यायच्या आधी तू मला खाली वाकायला लावलंस. आवाज फुटत नव्हता, तरी एकेक शब्द सुटा सुटा बोललीस. "दादानं पाणी तोडलं. मी गेल्यावर त्यानं माझ्या तोंडात पाणी घालायचं नाय. बघ तू." तुझं शेवटचं बोलणं तेवढंच.

आणि त्यानं घातलं होतं. काकूंच्या डोळ्यांसमोर, माझ्या डोळ्यांसमोर. तुळशीचं पान तुझ्या ओठांना लावताना निम्मं पाणी तुझ्या हनुवटीवरून खाली गेलं, आणि तो लहान पोरासारखा रडत होता. ते रडणं खोटं असतं तर मी त्याच्या हातातला तांब्या हिसकावला असता. खरं होतं, म्हणून त्याला घालू दिलं. हेही मी काकूंना सांगितलं.

त्यांनी काठी जवळ ओढली. मला वाटलं, आता उठून जातील, किंवा मला शिव्या देतील. मग त्यांनी मान वर केली.

"असं म्हणली?"

"व्हय."

"ह्याच शब्दांत?"

"ह्याच."

"म्हंजे शुद्धीत व्हती," काकू म्हणाल्या. "पुरी शुद्धीत गेली माझी सिंधू." आणि हसल्या, अगदी तोंड भरून. हसता हसताच त्यांनी पदर तोंडाला लावला आणि मग कितीतरी वेळ तो खाली घेतला नाही.